गुडघा टेकण्याचा हक्क आणि न टेकण्याचाही

२६ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका आणि वेस्ट इंडीज यांच्यातील सामना सुरू होण्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेचा गोरा यष्टिरक्षक-फलंदाज क्विंटन डी कॉक याचे नाव संघातून गळले. वैयक्तिक कारणामुळे तो खेळत नाही, एवढेच कर्णधार टेम्बा बवुमाने नाणेफेकीच्या वेळी सांगितले. खरे कारण लवकरच बाहेर आले. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सर्व खेळाडूंनी सामन्यापूर्वी एक गुडघा टेकलाच पाहिजे, असा आदेश दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने त्याच दिवशी काढला होता आणि तो मान्य नसल्याने डी कॉकने सामन्यातून अंग काढून घेतले होते. दक्षिण आफ्रिकेने तो सामना आठ गडी राखून जिंकला, पण त्या दिवशी विजयाबद्दल बोलायला कोणालाच सवड नव्हती.

वर्णद्वेषाविरुद्ध मैदानावर निषेध नोंदवण्याचा खेळाडूला हक्क आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘आहे’ असे आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र हा हक्क नेमका कोणाच्या मालकीचा आहे, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये १९६८ साली टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी उंचावलेल्या मुठींपासून अशा लेखांची सुरुवात करण्याचा प्रघात आहे. तो मी इथे मुद्दाम मोडतो आहे, कारण आपला जीव ज्या खेळात अडकलेला आहे त्या क्रिकेटमध्येच या प्रश्नाचे सगळे पदर अलीकडच्या काही वर्षांत उलगडलेले आहेत.

गुडघा टेकण्याची ही रीत मुळात क्रिकेटची नाही. अमेरिकी फुटबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक २०१६ सालच्या सरावसामन्यांत राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचारांचा तो निषेध होता. नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलणे झाल्यावर त्याने बसण्याऐवजी एक गुडघा टेकण्यास सुरुवात केली, कारण मृत सहकाऱ्याला मान देताना सैनिक तसे करतात. म्हणजे ज्या कृतीला पुढे सैन्याचा अपमान ठरवले गेले, ती एका सैनिकाच्या सल्ल्याने, सैन्याचा मान राखण्यासाठीच निवडलेली होती. त्या हंगामानंतर केपर्निकला एकाही संघाने घेतले नाही. संघमालकांनी संगनमत करून आपल्याला बाहेर ठेवले, अशी तक्रार त्याने गुदरली आणि २०१९ मध्ये लीगने त्याच्याशी तडजोड केली. अमेरिकी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी सरकारचे हात बांधते, खाजगी मालकाचे नाही, हे या प्रकरणात अनेकांना प्रथमच उमगले.

अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूनंतर, २०२० च्या उन्हाळ्यात, ही रीत क्रिकेटमध्ये आली. कोरोनामुळे थांबलेले आंतरराष्ट्रीय क्रिकेट ८ जुलै रोजी साउदम्प्टनला पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रेक्षागृह रिकामे होते आणि पाऊस खेळ सुरू होऊ देत नव्हता. खेळ सुरू होण्याआधी इंग्लंड आणि वेस्ट इंडीज या दोन्ही संघांनी गुडघा टेकला. वेस्ट इंडीजच्या खेळाडूंनी एका हातात काळा हातमोजा घातला होता. पण त्या दिवसाची आठवण राहिली ती वेस्ट इंडीजचा माजी वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंग याच्यामुळे. समालोचनाच्या खोलीत बसून तो शांतपणे, शब्द जोखत बोलत होता. विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला असे विचारले की सगळे एडिसनचे नाव घेतात, पण त्या दिव्याला टिकाऊ करणारी कार्बनची तार लुईस लॅटिमर या कृष्णवर्णीय माणसाने घडवली हे शाळेत कोणी शिकवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. इतिहास जेत्यांनी लिहिला आणि तोच पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, हा त्याचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर आई-वडिलांविषयी बोलताना मात्र त्याचा बांध फुटला. नवऱ्याचा रंग फार काळा आहे म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणे टाकले होते, हे सांगताना त्याला पुढे बोलवेना. फलंदाजांच्या उरात धडकी भरवणारा हा गोलंदाज असा रडताना पाहणे सोपे नव्हते.

वेस्ट इंडीजचा संघ मायदेशी परतला आणि थोड्याच दिवसांत गुडघा टेकणेही थांबले. त्यानंतरच्या पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकांत इंग्लंडच्या खेळाडूंनी ते केले नाही. निषेधापेक्षा शिक्षण महत्त्वाचे, असे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार अ‍ॅरन फिंच म्हणाला आणि होल्डिंगने त्या साऱ्या लंगड्या सबबींचा खरपूस समाचार घेतला. पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, लॉर्ड्सवर इंग्लंडचे खेळाडू भेदभावविरोधी मजकूर छापलेले टी-शर्ट घालून रांगेत उभे राहिले आणि नेमक्या त्याच दिवशी पदार्पण करणाऱ्या ऑली रॉबिन्सनची काही वर्षांपूर्वीची वंशद्वेषी ट्वीट बाहेर आली. मंडळाने आखून दिलेल्या निषेधाची खोली किती असते, हे समजायला तेवढा एक दिवस पुरेसा होता.

दक्षिण आफ्रिकेतील गोष्ट मात्र अशी वरवरची नव्हती. जुलै २०२० मध्ये लुंगी एन्गिडीला पत्रकार परिषदेत ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीविषयी विचारले गेले तेव्हा, संघ म्हणून आपण हा विषय गांभीर्याने घेतला पाहिजे, एवढेच तो म्हणाला. चोवीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाचे हे साधे उत्तर, पण पॅट सिमकॉक्स आणि बोएटा डिपेनार यांच्यासारखे माजी गोरे खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या बाजूने मग अनेक कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय माजी खेळाडू उभे राहिले आणि वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले एकेक बाहेर येऊ लागले.

त्यातील मखाया एन्टिनीची हकीकत मला विसरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळलेला हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. १०१ कसोटी आणि ३९० बळी. संघाच्या बसने जाण्याऐवजी हा माणूस सकाळी आपली बॅग बसचालकाच्या स्वाधीन करायचा आणि मैदानापर्यंत धावत जायचा, संध्याकाळी हॉटेलवरही तसाच धावत परतायचा. त्याच्या तंदुरुस्तीचे केवढे कौतुक व्हायचे! त्या धावण्यामागचे खरे कारण त्याने २०२० मध्ये सांगितले. बसमध्ये तो मागे बसला की बाकीचे पुढे जाऊन बसायचे; जेवायला कोणी त्याला हाक मारायचे नाही; ते एकटेपण टाळण्यासाठी तो धावत होता. पुढील वर्षी मंडळाने ज्येष्ठ वकील दुमिसा एन्त्सेबेझा यांच्यापुढे जी जाहीर सुनावणी ठेवली, तिच्यात फिरकी गोलंदाज पॉल अ‍ॅडम्सने सांगितले की विजयानंतरच्या बैठकीत सहकारी त्याच्या वर्णावरून हिणकस शब्द घातलेले गाणे म्हणत. वर्णभेदाचा कायदा तोवर इतिहासजमा झाला होता, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले होते, आणि ड्रेसिंगरूममध्ये हे चालू होते.

त्याच देशात एक वेगळी परंपराही आहे आणि ती सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी गोरेतर खेळाडूंचा विचार करण्यास सरकारने नकार दिला म्हणून एप्रिल १९७१ मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर ग्रॅम पोलॉक, बॅरी रिचर्ड्स, माइक प्रॉक्टर यांच्यासह गोरे खेळाडू सामना थांबवून मैदानाबाहेर चालत गेले. निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, असे त्यांच्या निवेदनाचे सांगणे होते. त्यांना कोणत्याही मंडळाने तसा आदेश दिला नव्हता. उलट सरकारची खप्पामर्जी त्यांनी ओढवून घेतली होती. तो दौरा अखेर रद्द झाला आणि त्यांतील बहुतेकांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली.

या पार्श्वभूमीवर डी कॉककडे पाहावे लागते. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना तीन पर्याय होते: गुडघा टेकणे, मूठ उंचावणे किंवा सावधान उभे राहणे. निरनिराळ्या पवित्र्यांमुळे संघात फूट असल्याचे चित्र दिसते, असे कारण देऊन मंडळाने ते पर्याय काढून घेतले, तेही स्पर्धा सुरू झाल्यावर आणि सामन्याच्या दिवशी. दोन दिवसांनी डी कॉकने निवेदन काढून माफी मागितली. आपली सावत्र आई कृष्णवर्णीय आहे, सावत्र बहिणी मिश्रवर्णीय आहेत, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या जिवाचे मोल आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. ज्या पद्धतीने आदेश आला त्यामुळे आपला हक्क हिरावला गेल्यासारखे वाटले, असे त्यात होते. ३० तारखेला श्रीलंकेविरुद्ध तो खेळला आणि त्याने गुडघा टेकला.

माझे मत असे आहे की मंडळाचा आदेश चुकीचा होता आणि डी कॉकवरील टीका मात्र रास्त होती. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. ज्या संघात एन्टिनी एकटा धावत होता, त्या संघातील गोऱ्या खेळाडूने मुकाट उभे राहण्याचा अर्थ लोक लावणारच, आणि तो लावण्याचा त्यांना अधिकार आहे. टीकेपासून संरक्षण हा कोणत्याच हक्काचा भाग नसतो. पण आदेशावरून टेकलेल्या गुडघ्याला कवायतीपलीकडे अर्थ उरत नाही. त्या दिवशी रांगेत गुडघ्यावर बसलेल्यांपैकी कोण मनापासून बसला आहे आणि कोण नोकरी राखण्यासाठी, हे सांगता येणे अशक्य झाले, आणि त्यात खरे नुकसान मनापासून बसणाऱ्यांचे झाले. बवुमाचे मला विशेष कौतुक वाटते. दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी नियमित कर्णधार असूनही त्याने त्या दिवशी सहकाऱ्याला झोडपण्याची आयती संधी घेतली नाही. डी कॉकच्या निर्णयाचा आपण आदर करतो, असे तो म्हणाला आणि कर्णधार म्हणून हा आपल्या सर्वांत कठीण दिवसांपैकी एक होता, हेही त्याने लपवले नाही.

या घटनेच्या दोनच दिवस आधी, त्याच दुबईत, पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यापूर्वी आपल्या संघानेही गुडघा टेकला होता. पाकिस्तानच्या खेळाडूंनी छातीवर हात ठेवला होता. याबद्दल विचारले असता, व्यवस्थापनाकडून तसे कळवण्यात आले होते, असे विराट कोहलीने सांगितले. उत्तर प्रामाणिक होते, पण त्यातून जे कळायचे ते कळले. भारतीय क्रिकेटपटूंनी वर्णद्वेषावर त्याआधी काही बोलल्याचे फारसे कोणाला आठवत नव्हते. आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात असताना आपल्याला ‘कालू’ म्हणून हाक मारली जात असे, हे वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने जून २०२० मध्ये सांगितले तेव्हाही बहुतेक नामवंत गप्पच राहिले होते. दुबईचा तो सामना भारत दहा गडी राखून हरला आणि लगेच मोहम्मद शमीवर धर्मावरून गलिच्छ शेरेबाजी सुरू झाली. त्यावर कोहली जे बोलला ते मात्र कोणी कळवलेले नव्हते. धर्मावरून एखाद्यावर हल्ला करणे ही अत्यंत हीन गोष्ट आहे, असे त्याने पुढच्या सामन्याआधी ठणकावून सांगितले. दोन्ही प्रसंगी माणूस तोच, पण शब्दांना वजन आले ते दुसऱ्या वेळी.

त्याच वर्षीच्या जानेवारीतील सिडनी कसोटी तर मला या विषयातील आपला सर्वांत चांगला दाखला वाटते. मोहम्मद सिराजचा तो पहिलाच कसोटी दौरा. दौऱ्यावर असतानाच त्याचे वडील वारले होते आणि तरी तो संघाबरोबर राहिला होता. सीमारेषेजवळ उभा असताना प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शेरे येत असल्याची तक्रार संघाने आदल्या दिवशीच केली होती. चौथ्या दिवशी पुन्हा तेच झाल्यावर सिराज जागा सोडून सरळ कर्णधार अजिंक्य रहाणेकडे आणि पंचांकडे चालत आला. खेळ थांबला. सगळा संघ खेळपट्टीजवळ जमला, पोलीस प्रेक्षागृहात शिरले आणि सहा जणांना बाहेर काढण्यात आले. हवे तर सामना सोडून जाण्याची मुभा आहे, असे पंचांनी सुचवले होते, पण चूक आमची नाही तर आम्ही का जावे, अशी रहाणेची भूमिका होती, असे सिराजने नंतर सांगितले. डोंबिवलीत वाढलेल्या, मितभाषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कर्णधाराने ना भाषण केले ना आवाज चढवला. त्याने फक्त खेळ पुढे जाऊ दिला नाही. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने माफी मागितली. पुढील चौकशीत शेरेबाजी झाल्याचे मान्य झाले, मात्र बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते असे निष्पन्न झाले, ही त्यातील अस्वस्थ करणारी बाजू.

आता ‘खेळात राजकारण नको’ या पालुपदाकडे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या पोशाखविषयक नियमांत, राजकीय, धार्मिक किंवा वांशिक कार्याशी संबंधित संदेशांना परवानगी मिळणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. अक्षरशः वाचले तर २०२० मध्ये शर्टाच्या कॉलरवर आलेले ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’चे चिन्ह या नियमात बसत नव्हते, परिषदेने व्यवहारज्ञानाचा हवाला देऊन ते चालवून घेतले आणि ते योग्यच केले. मार्च २०१९ मध्ये रांचीत भारतीय संघ पुलवामातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ लष्करी टोप्या घालून उतरला, तेव्हाही परवानगी मिळाली, कारण ती आपल्या मंडळाने मागितली होती. तीनच महिन्यांनी धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवरील लष्करी चिन्हाला मात्र मनाई झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने पर्थ कसोटीसाठी बुटांवर ‘स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे’ आणि ‘सर्वांच्या जिवाचे मोल सारखेच आहे’ या अर्थाची इंग्रजी वाक्ये लिहिली. गाझातील युद्धाच्या संदर्भात ती राजकीय ठरली. त्याने दंडाला काळी फीत बांधली तर त्याला ताकीद मिळाली. हा प्रश्न वर्णद्वेषाचा नव्हता, पण नियमाचा व्यवहार त्यातून उघडा पडतो. मंडळ मागते तेव्हा ती श्रद्धांजली किंवा जागृती असते, आणि एकटा खेळाडू मागतो तेव्हा ते राजकारण होते.

सरकारांनी खेळात राजकारण आणले तेव्हा आपण त्याचा अभिमानच बाळगला आहे, आणि माझ्या मते रास्तच बाळगला आहे. १९७४ च्या डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेत भारताने उपांत्य लढतीत सोव्हिएत संघाला पुण्यात हरवले आणि प्रथमच चषक जिंकण्याची खरी संधी समोर आली. अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंच्या हातातोंडाशी आलेला घास देशाच्या भूमिकेने गेला, आणि तो चषक भारताला आजतागायत जिंकता आलेला नाही. राष्ट्राने खेळाडूकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा करायची आणि त्याच खेळाडूने त्याच कारणासाठी स्वतःहून दंडाला फीत बांधली तर त्याला शिस्तीचे कलम दाखवायचे, हे मला पटत नाही.

जात आणि वंश एक नव्हेत, तरी इथे दलित समाजातून आलेल्या पळवणकर या क्रिकेटपटू बंधूंचा उल्लेख टाळणे खोटेपणाचे होईल. पुण्याच्या जिमखान्यात त्यांतील ज्या थोरल्या बाळूच्या गोलंदाजीवर इंग्रज साहेब सराव करत, त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये धाकट्या विठ्ठललाही डावलून ते दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीर निवेदनाद्वारे मांडली. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती, आणि कोणत्या नियमात ती मिळालीही नसती.

म्हणून नियम कसा असावा, असे कोणी विचारले तर माझी अपेक्षा फार मोठी नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी, खेळात अडथळा न आणता आणि कोणाविरुद्ध द्वेष न पसरवता केलेल्या कृतीसाठी खेळाडूला संघातून काढता येऊ नये किंवा त्याचा करार रद्द करता येऊ नये. आणि तीच कृती करण्याची सक्तीही त्याच्यावर करता येऊ नये. सिराजसारखा खेळाडू जिथे स्वतःच लक्ष्य असतो, तिथे खेळ थांबवण्याचाही अधिकार त्याला असावा. त्यापुढचे प्रेक्षकांवर सोडावे. ते टाळ्या वाजवतील किंवा नावे ठेवतील.

अडचण अशी की असे नियम मंडळे आपणहून लिहीत नाहीत. खेळाडूंची संघटना ते लिहायला लावते. दक्षिण आफ्रिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या अशा संघटना आहेत. भारतात २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनुसार जी संघटना स्थापन झाली ती निवृत्त खेळाडूंसाठी आहे. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाशी करार असलेल्या खेळाडूने उद्या स्वतःच्या मनाने दंडाला फीत बांधली, तर त्याच्या वतीने मंडळासमोर बसायला आज कोणीही नाही.